वाहनविषयक प्रश्नोत्तरे : एसयूव्हीची वेगळी उघडणारी मागची काच

काही एसयूव्ही गाड्यांमध्ये मागचा संपूर्ण दरवाजा न उघडता त्यातील केवळ काच वर उचलता येते. गेल्या अंकात जुन्या गाड्यांच्या खरेदीविषयी लिहिताना या सोयीचा ओझरता उल्लेख झाला होता आणि त्यावर वाचकांनी बरेच प्रश्न विचारले. या वेळचे सदर म्हणून त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न (पुणे) : आमच्या सोसायटीतील एक परिचित आपली 2005 सालची होंडा सीआर-व्ही विकत आहेत. गाडीची मागची काच वेगळी उघडते, हे ते मोठ्या कौतुकाने दाखवतात. रोजच्या वापरात तिचा खरोखर उपयोग होतो का? आमचे पार्किंग तळघरात आहे आणि गाडीच्या मागे लगेच भिंत आहे.

उत्तर : होतो, आणि आपल्या पार्किंगचे वर्णन वाचल्यावर तर हे अधिक ठामपणे सांगता येते. ज्या सीआर-व्हीबद्दल आपण विचारत आहात ती तिची दुसरी पिढी होय; 2001 ते 2006 या काळात ती तयार होत होती. हिचा मागचा दरवाजा घराच्या दारासारखा आडवा, एका बाजूला उघडतो आणि त्यावर स्टेपनी बसवलेली असते. तो पूर्ण उघडायचा तर गाडीच्या मागे दरवाजाच्या रुंदीइतकी, म्हणजे साधारण एक मीटर, मोकळी जागा लागते आणि शिवाय माणसाला उभे राहायला जागा हवी ती वेगळीच. मागे भिंत असलेल्या तळघरात हा दरवाजा वीतभर उघडून अडतो, आणि मग भाजीची एक पिशवी काढण्यासाठी गाडी सुरू करून पुढे घ्यावी लागते. काच मात्र वरच्या कडेला बिजागरीवर असल्याने ती उचलताना थोडीच मागे येते. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा उभा राहू शकेल एवढी जागा असली, तरी काम होते.

वर उचलल्या जाणाऱ्या दरवाजांनाही तळघरात अडचण येते, फक्त ती भिंतीची नसून छताची असते. सांडपाण्याचे पाइप, आगीपासून बचावाच्या नळ्या आणि तुळया पार्किंगच्या नेमक्या मागच्या भागावरून गेलेल्या असतात आणि दरवाजाची कड त्यांना लागून रंग उडतो. ह्युंदाईच्या पहिल्या पिढीच्या टुसाँमध्ये दरवाजा वर उचलला जात असे आणि त्यातील काचही स्वतंत्रपणे उघडत असे. काच दरवाजापेक्षा आखूड आणि हलकी असल्याने तिथेही तीच उपयोगी पडते.

तरीही या सोयीचा सर्वांत मोठा लाभ जागेच्या अडचणीत नसून भरलेल्या डिकीत आहे, असे माझे मत आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाची गाडी डोळ्यांपुढे आणा. डिकी छतापर्यंत भरलेली आहे, वरच्या थरात फराळाचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे स्वेटर ठेवले आहेत, आणि कशेडीच्या अलीकडे कोणाला तरी पाणी हवे आहे. पूर्ण दरवाजा उघडला की त्याला टेकून राहिलेल्या बॅगा रस्त्यावर येतात आणि पावसात त्या पुन्हा रचाव्या लागतात. काच उघडली तर खालचा अर्धा दरवाजा बांधासारखा उभा राहतो, सामान जागच्या जागी राहते आणि वरची वस्तू हाताला येते. हीच गोष्ट रोजच्या लहान कामांना लागू आहे. मंडईतून आणलेली पिशवी, छत्री, दप्तर, औषधांचे पाकीट, इस्त्रीला द्यायचे कपडे अशा हलक्या वस्तू आत टाकणे किंवा बाहेर काढणे हे काम एका हाताने होते. दुसऱ्या हातात लहान मूल असताना जड दरवाजा ओढण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना या फरकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. घरात कुत्रा असेल तर आणखी एक लाभ आहे. काच उघडून त्याला पाणी देता येते आणि तरीही तो उडी मारून रस्त्यावर जाण्याची शक्यता बरीच कमी होते. अर्थात पट्टा हातात असलाच पाहिजे.

उन्हात तापलेली गाडीही या काचेमुळे लवकर निवते, कारण गरम हवा वर साठलेली असते आणि काच उघडताच ती तिथूनच बाहेर पडते. पुढची एक खिडकी आणि मागची काच दोन-तीन मिनिटे उघडी ठेवून, आपण गाडीशेजारीच उभे राहून, नंतर एसी लावावा.

आता मर्यादा. काचेची खालची चौकट साधारणपणे मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर येते. गॅसचा सिलिंडर, तांदळाचे पोते किंवा भरलेली सुटकेस त्या उंचीवरून आत सोडायची म्हणजे कंबर पुढे वाकवून वजन हातांवर तोलावे लागते, आणि पाठदुखीला याहून सोपे निमंत्रण नाही. जड वस्तूंसाठी दरवाजाच उघडावा. उंची कमी असलेल्या व्यक्तीचा हात डिकीच्या तळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वाटेत लागणाऱ्या वस्तू वरच्या थरात आणि काचेजवळ ठेवण्याची सवय लावावी लागते. पण सामान मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच रचले असेल तर जोराने ब्रेक लागल्यावर वरच्या वस्तू पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर येतात. काच वेगळी उघडणाऱ्या गाडीत वर रचण्याचा मोह अधिक होतो, म्हणून अशा गाडीत सामानाची जाळी मी अत्यावश्यक मानतो.

खरेदीबद्दल एक सूचना करतो. केवळ या काचेसाठी ही गाडी घेऊ नका. 2005 मध्ये नोंदलेल्या खासगी गाडीची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी 2020 मध्येच संपली आहे. आरटीओच्या तपासणीनंतर आणि पर्यावरण कर भरल्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नूतनीकरण झाले आहे का आणि ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे आधी पाहावे. कागदपत्रे, चासी आणि इंजिन समाधानकारक असतील तर मग ही काच आपल्या घरच्यांना खरोखर आवडेल. याच गाडीच्या डिकीची तळफळी बाहेर काढून पाय उघडले की तिचे छोटे टेबल होते. विक्रेत्याकडे ते टेबल अजून असल्यास तेही मागून घ्यावे.

प्रश्न (ठाणे) : गुढीसाठी बांबू, पडद्यांचे रॉड किंवा प्लंबरने सांगितलेले पाइप आणायचे असतात तेव्हा मागची काच उघडी ठेवून, लांब वस्तू बाहेर काढून गाडी चालवावी का? अंतर दोन-तीन किलोमीटरच असते.

उत्तर : आपल्या पत्रातला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुकानात ही सोय दाखवताना नेमका हाच उपयोग सांगितला जातो आणि त्यातला धोका सांगितला जात नाही.

चालत्या एसयूव्हीचा मागचा भाग उभा आणि सपाट असतो. गाडी हवा कापत पुढे गेली की तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि आजूबाजूची हवा तिथे भोवऱ्यासारखी फिरत राहते. एक्झॉस्टचे नळकांडे त्याच ठिकाणी धूर सोडत असते. मागची काच उघडी असली की हा धूर पाठीमागे सुटून जाण्याऐवजी गाडीच्या आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत, आणि आपल्याकडे घाटात किंवा रहदारीत मुलांना असे झाले की आपण ‘गाडी लागली’ म्हणून मोकळे होतो. मागच्या सीटवर बसलेल्यांना, म्हणजे बहुधा मुलांना आणि वृद्धांना, हा धूर आधी लागतो. वाहनांच्या मालकपुस्तिकांमध्ये मागचा दरवाजा किंवा काच उघडी ठेवून गाडी चालवू नये, अशी सूचना असते ती याच कारणाने.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरे आहे, पण काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुप्फुसांना अपायकारकच आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीला स्वतःचा धूर नसला तरी घोडबंदर रस्त्यावरील पुढच्या-मागच्या ट्रकांचा धूर आणि धूळ तिच्याही डिकीत येतेच. शिवाय उचललेल्या काचेला आधार देणारे दोन बारीक गॅस शॉकर उभ्या गाडीसाठी बनवलेले असतात. वाऱ्याचा झोत आणि खड्डे यांमुळे काच थरथरत राहते, बिजागऱ्या ढिल्या होतात आणि एखादा गतिरोधक जोरात गेला तर काच फुटण्याची भीती असते. ही काच टफन्ड असते, म्हणजे फुटली की तिचे बारीक दाणे होऊन ते सर्वत्र विखुरतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने घातलेल्या तरतुदीनुसार, अनुज्ञेय मर्यादेबाहेर पुढे, मागे किंवा बाजूला माल आलेला असल्यास 20,000 रुपये दंड होऊ शकतो. दोनशे रुपयांच्या पाइपसाठी ही जोखीम घेण्याचे कारण नाही.

मग बांबू आणायचा कसा? मागच्या सीटचा एक भाग आडवा पाडावा आणि बांबूचे टोक पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जागेपर्यंत तिरके न्यावे. टोकाला जुने फडके गुंडाळून ते गिअरपासून दूर बांधावे. घरगुती गुढीचा बांबू आणि बहुतेक पडद्यांचे रॉड यात बसतात, आणि काच बंद राहते. वेगळ्या उघडणाऱ्या काचेचा खरा उपयोग इथे भरताना होतो. दरवाजा बंद ठेवून, काच उघडून, लांब वस्तू वरून आत सरकवता येते आणि पुढचा माणूस तिचे टोक धरून जागेवर लावतो. पूर्ण लांबीचे पाइप मात्र दुकानातूनच कापून घ्यावेत किंवा टेम्पोने मागवावेत.

अगदी नाइलाज झाला आणि थोडे अंतर काच उघडी ठेवून जावेच लागले, तर चारही खिडक्या उघडाव्यात, पंखा सर्वांत जास्त वेगावर ठेवून हवा बाहेरून घेण्याच्या कळीवर ठेवावी आणि आतलीच हवा फिरवण्याची कळ बंद करावी. सिग्नलला जास्त वेळ थांबावे लागले तर इंजिन बंद करावे. गाडीत मुले असतील तर हा प्रयोग करू नये.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या जुन्या गाडीत ही काच आहे, पण दोन पावसाळ्यांपासून डिकीत पाणी येते आणि उघडलेली काच आपोआप खाली येते. दुरुस्ती शक्य आहे का, की काच कायमची बंद करून टाकावी?

उत्तर : कायमची बंद करू नये, दोन्ही तक्रारी दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि दुरुस्तीला खर्चही फार येत नाही.

अशा गाडीत पाणी अडवणारे रबर दोन ठिकाणी असते, एक दरवाजाभोवती आणि दुसरे काचेभोवती. कोकणातील ऊन आणि खारी हवा यांमुळे काचेभोवतीचे रबर कडक होते आणि कोपऱ्यात चिरते. डिकीत पाणी दिसले की गॅरेजवाले बहुधा दरवाजाचे रबर बदलतात आणि गळती तशीच राहते. तपासण्याची रीत सोपी आहे. डिकी कोरडी करून आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवावा आणि बाहेरून नळीने पाणी सोडावे, आधी फक्त खालच्या भागावर आणि मग हळूहळू वर, बिजागऱ्यांपर्यंत. पाणी कोणत्या उंचीला आल्यावर आत थेंब दिसतो, ते पाहिले की जागा सापडते. बिजागऱ्यांच्या बोल्टखालचे छोटे वॉशर आणि वायपरच्या दांड्याचे भोक ही दोन ठिकाणे हमखास राहून जातात. सिलिकॉनचा थर फासून गळती बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण पुढच्या वेळी काच उघडताना रबर त्याच्यासकट उखडून येते.

काच खाली येते याचे कारण गॅस शॉकरमधील दाब कमी झालेला असतो. ते जोडीनेच बदलावेत. एकच बदलला तर काचेवर तिरका ताण येतो. मूळ कंपनीचे मिळाले नाहीत तर बंद आणि उघड्या स्थितीतील लांबी, टोकांचा प्रकार आणि शॉकरवर छापलेला न्यूटनमधील दाब, या तिन्ही गोष्टी जुळणारे घ्यावेत. अधिक दाबाचा शॉकर बसवला तर काच झटक्याने उघडते आणि बिजागरीच्या बोल्टभोवती तडा जातो. काही गाड्यांमध्ये मागच्या काचेवरील धुके घालवणाऱ्या तारांना वीज याच शॉकरमधून किंवा बिजागरीजवळच्या लवचीक वायरीतून जाते. शॉकर बदलल्यानंतर डीफॉगर चालेनासा झाला तर प्रथम ती जोडणी पाहावी.

वापराविषयी दोन गोष्टी घरातील सर्वांना सांगून ठेवाव्यात. काच बंद करताना मधोमध तळहात ठेवून दाबावी, कोपऱ्याला धरून आपटू नये. आणि काच उघडी असताना दरवाजा कधीही जोरात लावू नये. अशा काचा फुटतात त्या बहुधा या दुसऱ्या चुकीनेच.

प्रश्न (कोल्हापूर) : महिंद्राच्या थारची मागची काचही वर उघडते. ती याच प्रकारात येते का?

उत्तर : दिसायला येते, उपयोगाला येते की नाही, हे शोरूममध्ये स्वतः पाहावे. कडक छताच्या थारमध्ये वरची काच वर उचलली जाते आणि स्टेपनीसकट खालचा दरवाजा बाजूला उघडतो. कसोटीचा प्रश्न एवढाच की खालचा दरवाजा बंद असताना काच उघडते का. जीप रँग्लरच्या अलीकडच्या पिढ्यांत आधी खालचा दरवाजा उघडावा लागतो आणि मग काच उचलता येते. अशा रचनेत मागे जागा कमी असताना किंवा डिकी भरलेली असताना मिळणारा लाभ मिळत नाही, फक्त तोंड मोठे होते. विक्रेत्याच्या बोलण्यावर न जाता, गाडी भिंतीला लावायला सांगून काच उघडून दाखवण्याची विनंती करावी.

प्रश्न (कॅलिफोर्निया) : आमच्याकडे टोयोटा 4रनर आहे. तिची मागची काच वर न उघडता बटण दाबल्यावर दरवाजाच्या आत खाली जाते. भारतातील नातेवाइकांना याचे फार नवल वाटते. वर उघडणाऱ्या काचेपेक्षा ही रचना चांगली म्हणावी का?

उत्तर : काही बाबतींत निश्चितच चांगली आहे. 1984 मध्ये आलेल्या पहिल्या 4रनरपासून ही खाली जाणारी काच त्या गाडीची ओळख होऊन राहिली आहे. सुरुवातीच्या दोन पिढ्यांत दरवाजा खाली पडणारा होता आणि काच खाली घेतल्याशिवाय तो उघडत नसे. 1990 च्या दशकाच्या मध्यात आलेल्या तिसऱ्या पिढीपासून दरवाजा वर उचलला जाऊ लागला, पण काच तशीच राहिली. चालकाला जागेवर बसून ती उघडता येते, डोक्यावर काही येत नाही, शॉकर खराब होण्याचा प्रश्न नाही आणि हवी तेवढीच, चार बोटे किंवा अर्धी, उघडता येते. दुसरीकडे मोटर, रूळ आणि दरवाजातील पोकळी सांभाळावी लागते. आपल्याकडील वाळवंटी भागात फिरून आल्यावर कडेचे रबर ओल्या फडक्याने पुसावे, नाहीतर अडकलेली वाळू काचेवर उभे ओरखडे पाडते. काच खाली जात नसेल तर मोटर बदलण्यापूर्वी मागचा वायपर त्याच्या मूळ जागी थांबला आहे का, ते पाहावे. वायपर काचेवर असताना काच खाली जाऊ नये अशी योजना या गाडीत केलेली असते.

हमरस्त्यावर काच खाली ठेवून जाण्याची तिथे पुष्कळांना आवड आहे. ठाण्याच्या वाचकांना धुराविषयी वर जे लिहिले आहे ते आपल्यालाही तंतोतंत लागू आहे.

प्रश्न (नागपूर) : एवढी उपयोगी सोय असेल तर कंपन्यांनी ती कमी का केली? आमच्या नव्या गाडीला ती गॅरेजमधून बसवून घेता येईल का?

उत्तर : वेगळ्या काचेला वेगळ्या बिजागऱ्या, वेगळे कुलूप, वेगळे रबर, शॉकरची आणखी एक जोडी आणि वायरींची लवचीक जोडणी लागते. खर्च वाढतो, वजन वाढते आणि पाणी शिरण्याची एक नवी जागा तयार होते. त्यात अलीकडे बटणावर उघडणारा विजेचा दरवाजा दाखवून गाडी विकणे सोपे झाले. बीएमडब्ल्यूने 5 सिरीज टूरिंगच्या 2024 मध्ये आलेल्या पिढीतून ही काच काढून टाकली. उलट टोयोटाने 2023 मध्ये सादर केलेल्या लँड क्रूझर 250 मध्ये ती आवर्जून दिली, यावरून मागणी संपलेली नाही हे दिसते. विजेचा दरवाजा हात मोकळे ठेवतो, पण भिंत आणि छत त्यालाही अडवतात आणि भरलेल्या डिकीतील सामान तोही खाली पाडतो, त्यामुळे एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे मी मानत नाही.

बाहेरून बसवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. एकाच काचेच्या दरवाजात काच चिकटवलेली असते आणि दरवाजाच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. ती कापून बिजागऱ्या लावल्या तर दरवाजा पिळवटतो. टफन्ड काचेला तयार झाल्यावर भोके पाडता येत नाहीत. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची अडचण येते आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आपल्या गाडीच्या विजेच्या दरवाजाची उंची बहुधा ठरवून ठेवता येते. दरवाजा हव्या त्या जागी थांबवून त्यावरील बंद करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले की ती उंची गाडी लक्षात ठेवते. नेमकी रीत मालकपुस्तिकेत असते. घरच्या पार्किंगमधील पाइप यामुळे लागणार नाही. डिकीच्या मागच्या कडेला, दरवाजाच्या आत, दोन हुकांमध्ये ताणलेली जाळी बसवावी म्हणजे दरवाजा उघडल्यावर बॅगा अडून राहतील, आणि वाटेत लागणारी पिशवी डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवावी.